ऑफिसात सर्व्हर ठेवायचा की क्लाउडवर जायचं?

छोट्या धंद्यांची आयटीची कामं बघत असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, आणि तो यायची वेळ जवळजवळ ठरलेली असते. कोपऱ्यातला सर्व्हर पाच-सहा वर्षांचा झालेला असतो, वॉरंटी संपलेली असते, पंख्याचा आवाज वाढलेला असतो, हार्डवेअरवाला नव्या सर्व्हरचं कोटेशन ठेवून गेलेला असतो आणि नेमकं त्याच आठवड्यात मालकाला कुणीतरी ऐकवलेलं असतं की अहो आता सर्व्हर कोण घेतं, सगळं क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा. मग फोन येतो, "काय करू ते एका वाक्यात सांगा." एका वाक्यात बसत नाही म्हणून हे लिहितोय.

पहिली अडचण अशी की क्लाउडच्या कोटेशनमध्ये तीन अगदी वेगळ्या वस्तू एकत्र कालवलेल्या असतात. एक असते तयार सर्व्हिस, म्हणजे मेल, फाइल शेअरिंग, ब्राउझरमध्ये चालणारं अकाउंटिंग वगैरे, लॉगिन केलं की काम सुरू, मागे कुठलं मशीन आहे आणि त्यावर कुठलं विंडोज आहे याच्याशी तुमचा संबंधच नाही. दुसरं असतं भाड्याचं मशीन, ज्याला सगळे व्हीएम म्हणतात, म्हणजे तुमच्या ऑफिसात होता तसाच विंडोज किंवा लिनक्स सर्व्हर, फक्त तो दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये चालतो आणि तासावर बिल येतं. आणि तिसरी असते नुसती साठवण, बॅकअपसाठी. या तिघांचे फायदे वेगळे, तोटे वेगळे, पण मीटिंगमध्ये सगळे मिळून "क्लाउड चांगला का सर्व्हर चांगला" असंच भांडत बसतात.

माझं मत आत्ताच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. तयार सर्व्हिस बहुतेक छोट्या ऑफिसांनी बिनधास्त घ्यावी. बॅकअपची साठवण प्रत्येकाने घ्यावीच, अगदी ज्याला क्लाउडचा राग आहे त्यानेही. आणि मधली जी गोष्ट आहे, ऑफिसातला सर्व्हर जसाच्या तसा उचलून भाड्याच्या मशीनवर नेऊन ठेवणं, ती मला बहुतेक वेळा सगळ्यात वाईट सौदा वाटते. कोटेशन मात्र सगळ्यात जास्त त्याचंच येतं, कारण विकणाऱ्याला ते सोपं पडतं आणि घेणाऱ्यालाही वाटतं की काहीच बदललं नाही, बरं झालं.

मेलबद्दल फार बोलण्यासारखं राहिलेलंच नाही. स्वतःचा मेल सर्व्हर आता छोट्या ऑफिसने चालवू नये, संपलं. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये जी भगदाडं सापडली त्यात जगभरातले हजारो सर्व्हर फोडले गेले आणि ते सगळे लोकांनी आपापल्या ऑफिसात किंवा डेटा सेंटरमध्ये ठेवलेले होते, मायक्रोसॉफ्टच्याच ऑनलाइन मेलला तो धक्का लागला नाही. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत, एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग्ज) नीट लावलेलं नसेल तर तुमचं इनव्हॉइस सरळ स्पॅममध्ये जातं किंवा पोचतच नाही, आणि ज्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, तुम्ही मेल पाठवताय त्याचं नाव खराब झालेलं असेल तर ते साफ करण्यात जो वेळ जातो तो कुणाच्याच पगारात धरलेला नसतो. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तेव्हा मेल बाहेर काढा, त्यावर कुणी वाद घातला तर मी दुसरा विषय काढतो.

फाइल्सचं मात्र तसं नाही, तिथे वजन बघावं लागतं. वर्ड, एक्सेल, पीडीएफ असलं काम असेल तर कुठेही ठेवा, फरक जाणवणार नाही. पण तुम्ही व्हिडिओ, मोठ्या डिझाइन फाइल्स, कॅडची ड्रॉइंग्ज यांच्यावर जगत असाल तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. ऑफिसच्या साध्या गिगाबिट नेटवर्कवर ५०० एमबीची फाइल पाच सेकंदात येते. तीच फाइल २० एमबीपीएसच्या अपलोडवर वर चढवायला ३ मिनिटं २० सेकंद लागतात आणि तेही बाकी कुणी लाइन वापरत नसेल तर. दिवसभर सात-आठ माणसं असल्या फाइल्स सेव्ह करतायत असं डोळ्यासमोर आणा. इथे इंटरनेट घेताना लोक नेहमी डाउनलोडचा आकडा बघतात, जाहिरातीत तोच मोठा छापलेला असतो, अपलोड किती आहे ते विचारतच नाहीत, आणि क्लाउडवर गेल्यावर रोज जो अंगावर येतो तो अपलोडच. एक टीबी डेटा २० एमबीपीएसने चढवायचा म्हणजे साडेचार दिवसांपेक्षा जास्त, सलग, न थांबता. अशा ऑफिसला मी ऑफिसातच एक चांगला नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेला, फाइल्स साठवायचा छोटा डबा) ठेवायला सांगतो, काम त्याच्यावर करा आणि रात्री त्याची कॉपी बाहेर जाऊ द्या. नॅसला विंडोज सर्व्हरइतकी सेवा लागत नाही, थोडी लागते.

आता खरी गाठ कुठे बसते ते सांगतो. जवळजवळ प्रत्येक छोट्या धंद्यात एक जुनं सॉफ्टवेअर असतं. अकाउंटिंगचं असेल, स्टॉकचं असेल, कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी खास बनवून दिलेलं असेल आणि बनवणारा आता फोन उचलत नसेल. ते सर्व्हरच्या शेअर फोल्डरमधली डेटा फाइल सगळ्यांच्या पीसीवरून थेट उघडतं. बाकी सगळं क्लाउडवर न्यायला तयार असतं आणि हे एक सॉफ्टवेअर दारात आडवं पडलेलं असतं.

लोकांना पहिल्यांदा सुचतं ते असं की ही डेटा फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवू. हे करू नका. सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये दोन जणांनी एकाच वेळी तीच फाइल उघडली की दोन कॉपी तयार होतात, आणि त्यातली खरी कुठली हे महिनाअखेरीला शोधत बसावं लागतं, तेही फाइल करप्ट झाली नाही तर. बरं, सिंक नको, लांबच्या सर्व्हरवरचं शेअर फोल्डर व्हीपीएनवरून (इंटरनेटमधून काढलेली खाजगी, सुरक्षित वाट) थेट जोडू म्हटलं तर ते रांगतं. का रांगतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण स्पीड वाढवून ते सुटत नाही. असलं सॉफ्टवेअर एक रिपोर्ट काढायला फाइलमधून बारीक बारीक तुकडे मागत राहतं, एक तुकडा आला की पुढचा मागायचा. समजा एका रिपोर्टला अशी ५,००० मागणी-उत्तरं लागतात. ऑफिसच्या नेटवर्कवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर अडीच सेकंदात रिपोर्ट समोर. लांबच्या डेटा सेंटरपर्यंतची फेरी ४० मिलिसेकंदांची असेल तर तोच रिपोर्ट २०० सेकंद. लाइन १०० एमबीपीएसची घ्या नाहीतर ५०० ची घ्या, फेरीचा वेळ तेवढाच राहतो, म्हणून "नेट तर फास्ट आहे तरी सॉफ्टवेअर स्लो का" हा प्रश्न मला आयुष्यभर पुरणार आहे.

मग तिसरा मार्ग निघतो आणि तोच तो मधला सौदा. सॉफ्टवेअर आणि डेटा दोन्ही भाड्याच्या मशीनवर टाकायचे आणि सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या मशीनचा स्क्रीन आपल्या पीसीवर उघडून, त्यात शिरायचं. चालतं, खोटं कशाला बोलू, व्यवस्थित चालतं. पण हिशोब बघा ना. विंडोजचे अपडेट कोण टाकणार, तुम्ही. अँटिव्हायरस, तुम्ही. डिस्क भरली, तुम्ही. बॅकअप लावलाय का आणि तो उघडतो का, तुम्ही. रिमोट डेस्कटॉपची माणशी लायसन्स वेगळी. प्रिंटर तुमच्या टेबलावर आणि सॉफ्टवेअर तिकडे, त्यामुळे प्रिंटचा रोजचा तमाशा वेगळा. म्हणजे घर भाड्याचं, भाडं दर महिन्याला, आणि छप्पर गळलं तर शिडी लावून वर तुम्हीच चढायचं. हार्डवेअरची कटकट गेली हे मान्य, पण चांगल्या कंपनीचा सर्व्हर वॉरंटीत असताना हार्डवेअरची कटकट वर्षातून कितीशी होते? त्रास असतो तो वरच्या थराचा आणि तो सगळाच्या सगळा तुमच्या गळ्यात तसाच राहतो.

आणि सिक्युरिटी. ऑफिसातल्या सर्व्हरला निदान भिंत होती. भाड्याच्या मशीनवर घाईघाईत रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, नंबर ३३८९, अख्ख्या जगाला उघडा ठेवलेला मी इतक्या ठिकाणी बघितलाय की आता नवल वाटत नाही. असला पोर्ट उघडला की पासवर्ड चाचपणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) काही वेळातच दारात उभे असतात, लॉग उघडून बघितला तर घाम फुटेल. व्हीपीएन किंवा गेटवेच्या मागे ठेवा, ओटीपी किंवा ऑथेंटिकेटर (पासवर्डनंतरचा दुसरा कोड देणारं मोबाइल अ‍ॅप) लावा, नाहीतर त्या वाटेला जाऊ नका.

बिलातही बारीक खाचा आहेत. महिन्याचे साधारण ७३० तास होतात. ऑफिस दिवसाला १० तास, महिन्याला २२ दिवस धरलं तर मशीनची गरज २२० तास, म्हणजे ३० टक्के. तेव्हा रात्री बंद ठेवलं तर मशीनचं भाडं बरंच वाचतं, डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं. पण बंद कसं करताय त्यालाही महत्त्व आहे. अझ्युरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, विंडोजच्या आतून शटडाउन केलं तर मशीन बंद दिसतं पण तुमच्या नावावर अडवून ठेवलेलं असतं आणि मीटर पळत राहतो, पोर्टलवरून बंद करून डीअ‍ॅलोकेट केलं की मगच थांबतो. हे एवढं एक वाक्य माहीत नसल्यामुळे लोकांनी पैसे भरलेत. आणि बजेटचा अलर्ट लावला म्हणजे खर्च थांबतो असं समजू नका, अलर्ट नुसता मेल पाठवतो, आणि तो मेल बहुतेक अशा आयडीवर जातो जो कुणी उघडत नाही.

व्हीएम कधीच घेऊ नये असं नाहीये. तीन-चार शाखा आहेत, सगळ्यांना एकाच सॉफ्टवेअरमध्ये शिरायचंय आणि एकाही जागी सर्व्हर ठेवण्यासारखी सोय नाही, तर घ्या. जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात जायला सहा-आठ महिने लागणार आहेत आणि सर्व्हर आजच मेलाय, तर पूल म्हणून घ्या. फक्त पूल म्हणून घेतलेल्या गोष्टीवर लोक वस्ती करतात तेवढं सांभाळा.

बरं, आता खर्च. क्लाउड स्वस्त की सर्व्हर स्वस्त या वादात दोन्ही बाजू सोयीने अर्धा हिशोब मांडतात. सर्व्हरवाले नुसती सर्व्हरची किंमत पाच वर्षांनी भागतात आणि म्हणतात बघा किती स्वस्त. त्यात वीज धरलेली नसते. २०० वॉट खाणारं मशीन चोवीस तास चालवलं तर वर्षाला १,७५२ युनिट होतात, खोली थंड ठेवायची वीज वेगळी. यूपीएसची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते आणि ती बदलायची आठवण वीज गेल्यावरच होते. विंडोज सर्व्हरचं लायसन्स, माणशी कॅल (सर्व्हर वापरायचा परवाना), बॅकअपचं सॉफ्टवेअर, बॅकअपच्या डिस्क, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं बघणाऱ्या माणसाचा वेळ. शिवाय विकत घेतलं म्हणजे कायमचं आपलं असंही आता राहिलेलं नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी, घेतलं आणि कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं, तेव्हा ज्यांचा सर्व्हर स्वतःच्याच खोलीत होता त्यांनाही नवे आकडे बघावे लागले आणि कितीतरी लोक त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, प्रॉक्समॉक्स, शिकायला लागले. विंडोज सर्व्हर २०१२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ ला गेला, २०१६ चा जानेवारी २०२७ मध्ये जाणार. तारखा दुसराच कुणीतरी ठरवतो.

क्लाउडवाले उलटं करतात. पहिल्या महिन्याचं बिल दाखवतात. पण नोकरी सोडून गेलेल्या माणसांची लायसन्स चालूच राहतात, कुणीतरी टेस्टिंगला काढलेला स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची कॉपी) दोन वर्षं पडून राहतो, डेटा दरवर्षी वाढतो आणि कुणी काही डिलीट करत नाही, डेटा बाहेर खेचायचे पैसे वेगळे लागतात हे बॅकअप परत आणायची वेळ आली की कळतं, आणि बिल परक्या चलनात असेल तर काहीही न करता ते वर जातं. पाच वर्षांचा हिशोब करायला सांगा, त्यात माणसं आणि डेटा वाढतील असं धरून करायला सांगा. कोटेशन देणारा चुळबुळ करायला लागला तर समजून जा.

इथे कुणीतरी हमखास ड्रॉपबॉक्सचं उदाहरण देतं. खरंय, ड्रॉपबॉक्सने अ‍ॅमेझॉनवरचा आपला बहुतेक डेटा स्वतःच्या सर्व्हरवर आणला आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलरचा खर्च कमी झाल्याचं २०१८ साली शेअर बाजारात उतरताना स्वतःच सांगितलं. ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीनेही ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही क्लाउड सोडतोय म्हणून जाहीर केलं आणि स्वतःची मशीनं घेतली. पण बाबांनो, ती उदाहरणं तुमची नाहीत. सर्व्हर सांभाळणारी पूर्ण टीम त्यांच्याकडे होती, ३७सिग्नल्स तर नवी माणसं न घेता बाहेर पडलं, आणि मशीनं ठेवली तीही व्यवस्थित डेटा सेंटरमध्ये, झेरॉक्स मशीनशेजारी नाही. तुमच्याकडे जो "आयटीवाला मुलगा" आहे तो आठवड्यातून एकदा येतो आणि त्याच्याकडे अजून पंधरा ऑफिसं आहेत.

बंद पडण्याबद्दल बोलू. क्लाउड बंद पडत नाही असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने एक कमांड देताना चुकीची व्हॅल्यू टाकली, नको तेवढे सर्व्हर खाली गेले आणि काही तास अर्धं इंटरनेट लंगडत होतं. ९९.९ टक्के चालू राहील अशी हमी म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिलं तरी शब्द पाळला असंच होतं. ९९.९९ असेल तर ५२ मिनिटं. आणि हमी मोडली तर मिळतं काय, तर पुढच्या बिलात थोडी सूट. तुमचा दिवसाचा धंदा बुडाला त्याची भरपाई त्यात नसते, कॉन्ट्रॅक्ट वाचा.

पण मग ऑफिसातल्या सर्व्हरची हमी किती टक्के आहे, हा प्रश्न विचारला की शांतता पसरते. बॅकब्लेझ नावाची कंपनी आपल्या हजारो डिस्कचे आकडे दरवर्षी छापते, त्यात वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास डिस्क मरतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चार डिस्कचा सर्व्हर पाच वर्षं चालवला तर निदान एक डिस्क जाण्याची शक्यता साधारण चारात एक होते, आणि हे आकडे थंडगार डेटा सेंटरमधले आहेत, धुळीच्या कोपऱ्यातले नाहीत. रेड आहे ना, म्हणतात, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून तो एकापेक्षा जास्त डिस्कवर ठेवायची व्यवस्था. रेड डिस्क मेल्यावर काम चालू ठेवतं, एवढंच. कुणी फोल्डर उडवलं तर रेड ते सगळ्या डिस्कवरून प्रामाणिकपणे उडवतं. रॅन्समवेअर (फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर सगळ्या डिस्कवर प्रामाणिकपणे कुलूप लागतं.

म्हणजे गाडी बॅकअपवर येते आणि इथे मात्र मला थांबून बोलायचंय, कारण सर्व्हर की क्लाउड या निर्णयापेक्षा याने धंदे जास्त बुडतात. क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे, हा समज फार घट्ट बसलाय. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळलं, एक इमारत पूर्ण गेली, आणि ज्यांचे बॅकअप त्याच जागी होते त्यांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं प्रायव्हेट क्लाउडच, म्हणजे फक्त त्यांच्यासाठी ठेवलेली मशीनं, डिलीट झालं. त्यांनी दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवलेले होते, ते सावरायला कामी आले. एवढ्या मोठ्या संस्थेला जे लागलं ते तुम्हाला नको का?

आणि आग-बिग सोडा, रोजचं बघा. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटमध्ये ९३ दिवस. त्यानंतर ती गेली. नोकरी सोडताना चिडलेल्या माणसाने एक जुनं फोल्डर उडवलं आणि ते तुम्हाला सहा महिन्यांनी ऑडिटच्या वेळी लागलं तर कुणाला फोन करणार? मशीनं चालू ठेवणं कंपनीचं काम, तुमचा डेटा जपणं तुमचं, हे बहुतेक क्लाउड कंपन्यांच्या अटींमध्ये या ना त्या शब्दांत लिहिलेलं असतं.

नॅस असेल तर तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीचे नॅस पकडले, आणि त्याच्या तावडीत सापडले ते बॉक्स घरून फाइल्स बघता याव्यात म्हणून राउटरमधून थेट इंटरनेटला उघडे ठेवलेले होते. सोय केली आणि तीच नडली. बॅकअपचा जुना नियम आहे, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक ऑफिसच्या बाहेर. त्याला मी एवढंच जोडीन की बाहेरची कॉपी अशी असू दे जी तुमच्या रोजच्या अ‍ॅडमिन पासवर्डने पुसता येत नाही. आणि दर तीन महिन्यांनी त्यातली एखादी फाइल खरंच परत आणून, उघडून बघा. एका ऑफिसात बॅकअपचा रिपोर्ट रोज हिरवा यायचा आणि वेळ आली तेव्हा कळलं की अकाउंटिंगचं फोल्डर नंतर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं आणि बॅकअप इमानेइतबारे रिकाम्या फोल्डरचा घेतला जात होता. हिरवा रिपोर्ट म्हणजे काम झालं एवढंच, कशाचं झालं ते तो सांगत नाही.

इंटरनेट गेलं तर काय, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरंतर तो सगळ्यात आधी विचारायला हवा आणि प्रत्येक कामासाठी वेगळा विचारायला हवा. मेल दोन तास नाही आला तर जग बुडत नाही, मोबाइलवर बघता येतोच. पण काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे आणि बिल निघत नाही, हे दहा मिनिटंही चालत नाही. तेव्हा बिलिंग असं हवं की नेट गेलं तरी बिल निघेल आणि नेट आल्यावर वर जाईल, नाहीतर ते ऑफिसातच असू दे. दुसऱ्या कंपनीची एक लाइन किंवा मोबाइल डोंगल बॅकअपला ठेवणं क्लाउडवर गेल्यावर शौक राहत नाही, तो खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये धरा. दोन्ही लाइन एकाच खांबावरून येतायत का तेवढं मात्र बघा.

तर पंधरा-वीस माणसांचं, साधं, खास जड काम नसलेलं ऑफिस असेल तर मी साधारण असं लावतो. मेल आणि ऑफिसच्या फाइल्स तयार सर्व्हिसवर, प्रत्येक खात्याला ऑथेंटिकेटर सक्तीचा, मालकासकट, खरंतर मालकापासून सुरुवात. मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं की हॅक झालेल्या खात्यांपैकी ९९.९ टक्क्यांहून जास्त खात्यांवर हा दुसरा टप्पा नव्हता, आणि तो टाळायचा हट्ट सगळ्यात जास्त वरच्या माणसाचाच असतो. जड फाइल्स असतील तर ऑफिसात नॅस. त्या सर्व्हिसमधल्या डेटाचा आणि नॅसचा, दोन्हींचा बॅकअप तिसऱ्या ठिकाणी. जुनं सॉफ्टवेअर शक्य असेल तर त्याच्या ब्राउझरवाल्या आवृत्तीवर किंवा दुसऱ्या कुठल्यातरी तयार सर्व्हिसवर न्यायचं, त्याला वेळ लागतो, लोक कुरकुरतात, एखादा रिपोर्ट पूर्वीसारखा दिसत नाही म्हणून रडारड होते, ती होऊ द्यायची. ते शक्यच नसेल तर त्या एका सॉफ्टवेअरसाठी ऑफिसात एक छोटा सर्व्हर ठेवायला मला अजिबात लाज वाटत नाही. मालक विचारतात की मग पूर्ण क्लाउड कुठे झालं? नाही झालं. व्हायला हवं असं कुठे आहे?

सर्व्हिस घेताना बाहेर पडायची वाट सही करण्याआधी बघा. २०२४ मध्ये गुगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही सांगितलं की कायमचं सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडून डेटा बाहेर काढायचे पैसे घेणार नाही. चांगलंय, पण छोट्या धंद्याची खरी अडवणूक होते ती छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे. डेमोच्या वेळीच म्हणा की माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून दाखवा, आत्ता, माझ्यासमोर. नुसती गिऱ्हाइकांची नावं नकोत, जुनी बिलं, त्यातल्या ओळी, जोडलेल्या फाइल्स, सगळं. "तशी रिक्वेस्ट टाकावी लागेल" असं उत्तर आलं तर दुसरा डेमो बघा. आणि मुख्य अ‍ॅडमिन खातं आणि डोमेन (मेल-वेबसाइटच्या पत्त्यातलं तुमचं नाव) तुमच्या कंपनीच्या नावावर आहे ना ते तपासा. डोमेन तीन नोकऱ्यांपूर्वीच्या माणसाच्या खाजगी मेलवर रजिस्टर केलेलं असणं ही इतकी सर्रास भानगड आहे की मी नवीन ऑफिसात गेल्यावर पहिलं तेच विचारतो.

हलवायची वेळ आली की शुक्रवारी संध्याकाळी सगळं एकदम करू नका. मेल आधी, दोन आठवडे श्वास घ्या, मग फाइल्स, अकाउंटिंग सगळ्यात शेवटी आणि वर्षअखेरीच्या गर्दीपासून लांब. मेलचं डीएनएस (तुमच्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ते सांगणारी नोंद) बदलायच्या आदल्या दिवशीच टीटीएल, म्हणजे जुनी नोंद लोकांच्या मशीनवर टिकून राहायचा वेळ, कमी करून ठेवा, म्हणजे काही बिनसलं तर परत फिरवायला तासन्‌तास थांबावं लागत नाही. जुना सर्व्हर लगेच विकू नका, फक्त वाचता येईल असा करून महिना-दोन महिने चालू ठेवा, कारण "ते एक फोल्डर राहिलंच" असं कुणीतरी म्हणतंच. त्यानंतर काढायचा तेव्हा नुसतं फॉरमॅट मारून भंगारात देऊ नका, डिस्क पूर्ण पुसून घ्या, आणि पुसणारा कुणी मिळत नसेल तर डिस्क काढून ठेवा आणि बाकीचा डबा द्या.